ओंबीखालचा घोडा

माणूस जोखताना सुलक्षणा आपटे दोन खाती मांडत असे. तो एरवी काय बोलतो ते एका खात्यात, आणि थोरली बहीण समोर बसलेली असताना काय बोलतो ते दुसऱ्यात. पहिल्या खात्यावर शशी टेंबे यांची जमा भरघोस होती. दुसरे अजून कोरे होते, कारण नॉटिंगहॅमच्या सुप्रभाताईंची भेट व्हायची होती.

पहिल्या खात्याची सुरुवातच झकास झाली होती. बर्मिंगहॅमच्या मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग लागली होती. पुढच्या माणसाने वाढणाऱ्याला भाजीत मीठ विसरल्याची बातमी इतक्या हळुवारपणे दिली, की जणू कुणी गेल्याचेच कळवतो आहे. सुलक्षणा खळखळून हसली. त्या माणसाने मागे वळून पाहिले आणि म्हणाला, वरची डावी दाढ, रूट कॅनाल, काम कुणी केलंय, सुरेख आहे. साठी ओलांडलेल्या विधवेला लोक तब्येत सांभाळा म्हणतात, फार तर साडी छान आहे म्हणतात. दाढेची तारीफ तिने प्रथमच ऐकली. शशी टेंबे दातांचे डॉक्टर होते, निवृत्त, विधुर, आणि राहायला नॉटिंगहॅममध्ये. त्यानंतर त्यांना बर्मिंगहॅममध्ये इतकी कामे निघू लागली, की रेल्वेवाल्यांनी त्यांचा सत्कारच करायला हवा होता.

एका दुपारी ते तिच्या बैठकीत चहा घेत असताना त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून कवळी ठेवायचा डबा काढला. सुलक्षणाने मनाची तयारी केली. नवऱ्याची कवळी आज ना उद्या बघावीच लागते, पण इतक्यात नको होती. डब्यात कापूस होता, आणि कापसात चांदीचे एक काळपट, वेडेवाकडे नाणे.

त्यावर धान्याची एक ओंबी होती, दाणे टपोरे, कुसळे ताठ. शशी सांगू लागले. नाणे इटलीच्या दक्षिण टोकाला वसलेल्या ग्रीक लोकांच्या एका गावचे, अडीच हजार वर्षांपूर्वीचे. गावची जमीन सुपीक, म्हणून नाण्यावर जवाची ओंबी. पण गावात चांदी नव्हती. चांदी यायची व्यापाऱ्यांच्या थैल्यांतून, दुसऱ्या गावांच्या नाण्यांच्या रूपात.

"मग ती वितळवून नवी चकती ओतत कोण बसणार?" त्यांनी चमचा हातोड्यासारखा उचलला. "परक्याचं नाणं तापवायचं, आपल्या ठशावर ठेवायचं, वरून दुसरा ठसा, आणि त्यावर घण. झालं आपलं. घाईचं काम. म्हणून कधीकधी खालचं आधीचं चित्र पुरतं मरत नाही."

याच्या खाली कॉरिंथचा पंखवाला घोडा आहे, ते म्हणाले, दाण्यांच्या मधून पंखाची दोन पिसे दिसतात. बाकीचे संग्राहक साफ उमटलेले नाणे शोधतात, यांना मात्र हीच आवडत, ठशावर ठसा बसलेली.

सुलक्षणाने उभा जन्म हॉस्पिटलात एक्स-रे वाचण्यात घालवला होता. एका सावलीच्या मागे दुसरी सावली असली, की तिला पहिलीपेक्षा दुसरीच आधी दिसे. तिने पडदे ओढले, फोनचा टॉर्च लावला, तो नाण्याच्या कडेला अगदी आडवा धरला आणि नाणे सावकाश फिरवले.

"पंख आहेत खरे," ती म्हणाली. "आणि हा खूर."

शशींनी भिंग डोळ्याला लावले. खूर त्यांना कधीच दिसला नव्हता. नाण्यांच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांनी हे नाणे हातोहात फिरवले होते, त्यांनाही दिसला नव्हता. ते उठले, बसले, पुन्हा उठले, आणि भिंग तसेच डोळ्यात धरून त्यांनी विचारले, "माझ्याशी लग्न कराल का?"

भिंगाआडचा तो डोळा बटाट्याएवढा दिसत होता. सुलक्षणा एवढी हसली, की वरची डावी दाढ पुन्हा एकदा दिसली. हो म्हणायला तिने फार वेळ घेतला नाही. एक अट मात्र घातली.

अट नावाची होती. ती मिरजेत जन्मली तेव्हा वडिलांनी नाव ठेवले सिंधू. पहिल्या लग्नात श्रीपाद आपट्यांनी ताम्हणातल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीने लिहिले, सुलक्षणा. नाव सासूबाईंनी निवडले होते. श्रीपाद बिचारा फक्त लेखनिक. पहिले वर्षभर घरात कुणी 'सुलक्षणा' अशी हाक मारली, की ती दुसऱ्याच कुणाला असेल असे समजून ही भाजी निवडत राही. शेवटी सासूबाईंनी सुनेचे कान तपासून आणले. मग बर्मिंगहॅम. तिथे हॉस्पिटलला एवढ्या लांबलचक नावासाठी सवड नव्हती, त्यांनी तिची सू केली. श्रीपाद गेला, हॉस्पिटल सुटले, नावे राहिली. एका चकतीवर तीन घण पडून गेले होते, आणि आता कुठे तिला तिन्ही आपलीच वाटू लागली होती. चौथा नको.

शशी म्हणाले, छे, मी कशाला बदलू? ज्याला खालचा घोडा दिसलेला आवडतो, तो माणूस असले काही करील का? हे वाक्य तिने पहिल्या खात्यावर मोठ्या अक्षरांत जमा केले.

मग ती नॉटिंगहॅमला जेवायला गेली.

सुप्रभाताई भावाहून बऱ्याच मोठ्या. नवऱ्यापाठोपाठ नॉटिंगहॅमला आधी त्या आल्या, मागाहून भावाला आणले, आणि त्याची बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी त्याच्या दारात डबा पोचवत. सुलक्षणा त्यांना बघताक्षणी आवडली आणि त्यांनी ते लपवले नाही. बसायला चांगली खुर्ची दिली, श्रीखंड दोनदा वाढले, आणि तिसऱ्यांदा वाढता वाढता सांगितले की नाव ठरले आहे, रेवती.

त्यांच्या हिशेबात त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. भाऊ शशी, म्हणजे चंद्र. चंद्राच्या बायका म्हणजे नक्षत्रे. पहिली भावजय माधुरी म्हणून आली, तिची तांदळांत रोहिणी झाली.

"सत्तावीस आहेत," ताई मायेने म्हणाल्या. "एकच वापरलंय."

सुलक्षणाने शशींकडे पाहिले. शशी श्रीखंडाकडे पाहत होते. वाटीत केशराच्या काड्या किती, हे मोजायचे काम जणू त्यांच्यावरच सोपवलेले होते. दुसरे खाते उघडले, आणि उघडता उघडताच त्यावर शून्य पडले.

बर्मिंगहॅमच्या गाडीला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर वारा होता, आणि शशींच्या हातात तिला द्यायचा पुरणपोळ्यांचा डबा. ताईने आपल्याला लहानाचे मोठे केले, ते म्हणाले. तिचा तेवढाच हट्ट. आणि तांदळांतले नाव ते काय, हात फिरवला की गेले, शेवटी त्यांचा भातच होतो. सुलक्षणाने विचारले, मग त्या नावाने मला कुणीच हाक मारणार नाही ना? शशी खोटे बोलणारे नव्हते, तीच पंचाईत. ताई मारेल, ते म्हणाले.

"त्या घोड्याला कुणी विचारलं होतं का?"

"कुठल्या घोड्याला?"

"ओंबीखालच्या."

शशी गोंधळले. तो चांदीचा होता, ते म्हणाले.

"मी नाही," सुलक्षणा म्हणाली. "आता नीट ऐका. ताम्हण सकाळी आहे, रजिस्ट्रार दुपारी. तुम्ही काय लिहिता ते मी बघेन. रेवती लिहिलंत, तर दुपारी रेवतीलाच घेऊन जा. मी ही गाडी पकडेन. आणि याची आठवण मी पुन्हा करून देणार नाही."

गाडी आली, ती चढली, दार बंद झाले. शशी डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. डबा द्यायचा राहून गेला होता. बर्मिंगहॅम येईपर्यंत सुलक्षणाला पुरणपोळ्यांचे जास्त वाईट वाटावे की या माणसाचे, हे ठरेना.

तिने शब्द पाळला. फोनवर नावाचा विषय काढला नाही, शशींनीही नाही. बाकी दोघे अखंड बोलत होते. तिने जांभळी पैठणी काढली, ब्लाउज होईना म्हणून नवा शिवून घेतला, केस रंगवले, ते फार काळे झाले म्हणून पुन्हा धुतले. रात्री आरशासमोर साडी नुसती खांद्यावर टाकून बघताना तिला स्वतःचीच लाज वाटली आणि मजाही वाटली. परतीचे तिकीट मात्र तिने आधीच काढून पर्समध्ये ठेवले. मन तरंगत असले तरी पाय कुठे टेकायचे ते ठरलेले बरे.

ग्लासगोला कौन्सिलमध्ये नोकरी करणारी तिची मुलगी वरदा लग्नाला आदल्या दिवशीच आली. तिला हे सगळे फारच गोड वाटत होते. "आई, तुझा लग्न होतंय आणि माझी अजून नाही," ती जो भेटेल त्याला सांगत होती. मराठी तिचे असे, पण कामाला वाघीण. लग्नाच्या सकाळी सुप्रभाताईंनी आपल्या घरी तिला हाताशी घेतले. इकडे पाहुणे, तिकडे मसालेभात, मध्येच कुणीतरी विचारतो पार्किंग कुठे. ताईंनी तिला जाता जाता सांगितले, तेवढे ताम्हणात तांदूळ काढून ठेव.

आता वरदाला आईने लहानपणापासून एक गोष्ट अशी शिकवली होती, की झोपेतही चुकू नये. तांदूळ म्हटले की आधी धुवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

ताम्हण पाटासमोर आले तेव्हा ताईंनी तांदळांना बोट लावले आणि बोट तसेच वर धरले. बोटाला दाणे चिकटले होते. वरदा म्हणाली, तीनदा धुतली, एकदम क्लीन आहे. ताईंनी तांदळाचा डबा उघडून पाहिला. डब्यातला उरलेला तांदूळ मसालेभातात गेला होता, आणि मसालेभात गॅसवर होता. दुकानात पाठवायला वेळ नव्हता. राहू दे ओलाच, त्या शेवटी म्हणाल्या, शुभकार्यात पाणी वाईट नाही.

मग त्यांना आठवले की चांदीचे नाणे हवे. शशींनी खिसे चाचपले. खिशात कवळीचा डबा होता. लग्नाच्या दिवशीही तो माणूस घोडा बरोबर घेऊन फिरत होता. ताईंनी डबा उघडला, चांदी बघितली, पुरे आहे म्हणाल्या, नाणे सुपारीशेजारी ओल्या तांदळांत दाबले आणि त्यावर कुंकवाचे बोट टेकवले. ते नाणे शशी लोकांना फक्त कडेने धरू देत, चित्रावर कुणाला बोट टेकवू देत नसत. त्यांच्या घशातून इंजेक्शन नको म्हणणाऱ्या पेशंटसारखा बारीक आवाज आला. पण शब्द आला नाही.

सुलक्षणाने हेही टिपले. जो घोड्यासाठी तोंड उघडत नाही, तो बाईसाठी काय उघडणार? तिची पर्स दाराशी, चपलांजवळ ठेवलेली होती. तिने एकदा तिकडे बघून घेतले.

ताईंनी अंगठी शशींच्या हातात दिली आणि शेजारी उभ्या राहिल्या. रेवती, त्या म्हणाल्या, नीट लिही, लहानपणी तुझं अक्षर बरं होतं.

शशी वाकले. अंगठी ओल्या तांदळांत रुतली आणि खरखरत फिरली. र. त्यावर मात्रा. रे.

सुलक्षणाने पाटावरून एक पाय खाली टेकवला. रडू वगैरे येत नव्हते. फक्त सगळे फार हलके झाले होते, आणि जांभळ्या पैठणीत गाडीत कसे बसायचे हा एकच प्रश्न डोक्यात फिरत होता. तिने दुसरा पायही टेकवला आणि उभी राहू लागली.

शशींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हाताचा तळवा त्यांनी तांदळांवरून फिरवला, पुसण्यासाठी. कोरडा तांदूळ असता तर वाळूसारखा सपाट झाला असता. हा धुतलेला तांदूळ. तो जागचा हलला नाही, उलट र जास्त खोल बसला. त्यांनी पुन्हा हात फिरवला. मग जन्माच्या सवयीने फुंकर मारली, दाढेतला भुगा उडवावा तशी. रे तसाच.

"ताई," शशी म्हणाले, "हे नाव मी नाही लिहिणार."

"लिहिलंस की अर्धं."

"अर्धं लिहिलं. माझं चुकलं. आता त्याच्यावरच घण घालतो."

आवाज त्यांचा चांगलाच थरथरत होता. हात थरथरत नव्हता, तो दातांच्या डॉक्टरचा हात होता. त्यांनी अंगठी चिमटीत घट्ट धरली आणि ताम्हणाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, रेच्या उरावर, दाबून दाबून लिहिले, सुलक्षणा. क्ष काढताना दाणे उडून ताईंच्या साडीवर बसले. शेवटचा काना ताम्हणाबाहेर गेला आणि पाटावर ओरखडा उठला.

मसालेभाताचा वास आला, मग तो किंचित करपल्याचाही आला. ताई भावाकडे अशा बघत होत्या, की जणू घरातला पंखा अचानक बोलला आहे.

सुलक्षणा उभी राहता राहता पुन्हा बसली. तिने फोनचा टॉर्च लावला, ताम्हणाच्या कडेला आडवा धरला आणि वाकली. वर सुलक्षणा होते, ऐसपैस. आणि 'सु'च्या पोटातून तो रे स्वच्छ दिसत होता, भित्रा, वाकडा, मात्रा अर्धवट. बाजूला कुंकू लागलेला घोडा. ती हसायला लागली, आणि मग तिला ते थांबवता येईना. या माणसाने एका फटक्यात 'सुलक्षणा' लिहिले असते, तर तिने शंका घेतली असती की आरशासमोर तालीम करून आला आहे. आता दोन्ही नोंदी एकाच ताम्हणात होत्या. आधी बहिणीला हो, मग त्या होच्या डोक्यावर नाही. असला माणूस कुणी बनावट करून विकू शकला नसता.

"ताई, इकडे या," ती म्हणाली. "तुमचं खाली दिसतंय बघा."

ताईंना खरे तर रुसायचे होते. पण दिसतंय म्हटल्यावर चष्मा लावून वाकल्या. रे दिसतोय, त्या म्हणाल्या, आणि आवाजात समाधान आलेच. मग सुलक्षणाने टॉर्च न हलवता विचारले, "तुमचं काय होतं? आधीचं?"

"आधीचं म्हणजे?"

"सुप्रभाच्या खालचं."

ताई सरळ झाल्या. शशी तोंड उघडून बघत होते. बहिणीला ते, आणि घरातले सगळेच, जन्मभर ताईच म्हणत आले होते, तिला कधी दुसरे नाव असेल हे त्यांच्या गावीही नव्हते. ताईंनी पदर सारखा केला, तो सारखाच होता. पुन्हा केला.

"बकुळा," त्या म्हणाल्या. आणि चोरून लोणचे खाल्लेल्या मुलीसारख्या हसल्या. "सासऱ्यांना फुलांची नावं चालायची नाहीत."

एवढे बोलून त्यांनी शशींच्या हातातून अंगठी काढून घेतली, गुडघ्याचे दुखणे विसरून खाली बसल्या, आणि ताम्हणात कुठेही जागा उरली नसताना सुलक्षणाच्या 'णा'वर लिहिले, बकुळा. लिहून झाल्यावर वाचले. मग मोठ्याने वाचले. वरदा म्हणाली, हा नाव किती सुंदर आहे, मला पण एक पाहिजे. ताईंनी तिला सव्वीस पर्याय सांगायला सुरुवात केली. सुलक्षणाने मागून सिंधू लिहिले, हॉस्पिटलची सू लिहिली, आणि तांदूळ इतके गजबजले, की वाचायला पुरातत्त्व खात्याची माणसे बोलवावी लागली असती. पाहुण्यांपैकी दोन बायका रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्याही खाली कुणीतरी होते.

"आणि याचं काय ठेवायचं?" ताईंनी भावाकडे बोट केले.

"यांचं आहे तेच राहू दे," सुलक्षणा म्हणाली. "यांच्यावर अजून एकही घण पडलेला नाही."

"आज पडला," ताई म्हणाल्या.

रजिस्ट्रारकडे पोचायला त्यांना उशीर होणार होता, हे सगळ्यांना एकदमच उमगले. करपलेला मसालेभात तसाच टाकून तीन गाड्या निघाल्या. निघता निघता ओले तांदूळ ताईंनी पातेल्यात ओतले, आल्यावर यांचाच भात लावू म्हणाल्या, आणि मागच्या सीटवर वरदाला बकुळीचा वास कसा असतो ते समजावत बसल्या.

पुढे शशी गाडी चालवत होते. त्यांच्या बाहीला दाणे चिकटले होते, एक भुवईत होता. सिग्नलला त्यांनी कवळीचा डबा उघडला आणि रुमाल काढला. ओंबीच्या दाण्यादाण्यांत कुंकू बसले होते, पंखांत, खुरातसुद्धा.

"राहू द्या तसंच," सुलक्षणा म्हणाली. तिला ते फार आवडले होते. "तिसरा थर."

शशींनी तिच्याकडे पाहिले. मग नाण्याकडे.

"नाही," ते म्हणाले. "हे मी पुसणार."

मागच्या नाहीला त्यांचा आवाज थरथरला होता. हे नाही सहज आले, दात घासल्यासारखे. सुलक्षणा तोंड भरून हसली. तिने त्यांच्या भुवईतला दाणा काढला, तोंडात टाकला, आणि सिग्नल हिरवा झाल्याचे सांगितले.